तेरा तालुक्यांची यादी विकिपीडियावर कशी मांडावी

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. तिसरीत आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकतो तेव्हापासून ते तोंडपाठ असतात. पण तेच तेरा तालुके विकिपीडियाच्या पानावर मांडायला बसलं की भल्याभल्यांची गाडी अडते. कुठे आकडे मध्येच पुन्हा एकपासून सुरू होतात, कुठे अर्धी यादी राखाडी चौकटीत जाऊन बसते, तर कुठे नावाआधीचा ठिपकाच उमटत नाही. मग हताश होऊन माणूस सगळी नावं स्वल्पविराम देऊन एका परिच्छेदात कोंबतो आणि मोकळा होतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, ही त्याची रीत. जिल्ह्यातले शिक्षक, महाविद्यालयातली मुलं, ग्रामपंचायतीतला संगणक सांभाळणारे तरुण यांनी आपापल्या गावाबद्दल तिथे लिहावं असं मला मनापासून वाटतं. गावाच्या नि तालुक्याच्या पानांवर बरंचसं काम याद्यांचंच असतं: गावं, नद्या, देवस्थानं, मतदारसंघ. म्हणून यादी मांडायला शिकणं ही पहिली पायरी. यथादृश्य संपादक वापरला तर चिन्हं न लिहिताही यादी करता येते. तरी दुसऱ्याची बिघडलेली यादी दुरुस्त करायची असेल तर खालचा मजकूर, म्हणजे स्रोत, वाचता यायलाच हवा.

यादीचा सगळा कारभार ओळीच्या पहिल्या चिन्हावर चालतो. ओळ स्टारने सुरू झाली तर ठिपका येतो, हॅशने सुरू झाली तर आकडा येतो. ओळ अपूर्णविरामाने सुरू झाली तर मजकूर आत सरकतो. अट एकच, पण कडक: ते चिन्ह ओळीचं अगदी पहिलं अक्षर असलं पाहिजे. त्याच्याआधी एक रिकामी जागा जरी सुटली तरी मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ती प्रणाली, त्या ओळीला यादी समजत नाही. ती ओळ जशीच्या तशी राखाडी चौकटीत दाखवते, स्टारसकट. स्टारनंतर मात्र एक जागा सोडली तर बिघडत नाही, उलट वाचायला सोपं जातं.

व्हॉट्सअॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार दिला की तो ठळक होतो. त्याच सवयीने विकिपीडियावर ओळीच्या सुरुवातीला शब्द ठळक करायला गेलात तर ठिपका उमटेल आणि शब्दामागचा स्टार तसाच लोंबत राहील. विकिपीडियावर ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या मागेपुढे तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं लागतात.

आता सगळ्यात जास्त दिसणारा दोष. दोन नावांमध्ये हवा खेळती राहावी म्हणून लोक प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी सोडतात. डोळ्यांना ते बरं दिसतं, पण रिकामी ओळ आली की यादी संपते. पुढचं नाव नव्या यादीचं पहिलं नाव ठरतं. हॅश वापरला असेल तर चोरी लगेच पकडली जाते, कारण तेराही तालुक्यांपुढे ‘१’ हाच आकडा येतो. स्टार वापरला असेल तर वरवर काहीच कळत नाही, आणि तिथेच खरं नुकसान होतं. दृष्टिहीन वाचक पान ऐकतो. त्याचा स्क्रीन रीडर यादी आली की आधी सांगतो, तेरा घटकांची यादी आहे. मग त्याला ठरवता येतं की पूर्ण ऐकायची की पुढे जायचं. रिकाम्या ओळी सोडलेल्या असतील तर त्याला एकेका घटकाच्या तेरा याद्या ऐकाव्या लागतात. ओळी सलग ठेवणं एवढं साधं काम आहे, आणि त्याने कोणाचं तरी ऐकणं सुसह्य होतं.

मग तेरा तालुके कसे मांडायचे? अकारविल्हे लावणं सोपं आणि निर्वेध. पण आपल्या जिल्ह्याला निसर्गानेच एक विभागणी दिलेली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूर घाट उतरावा लागतो आणि खाली पूर्णेचं काळ्या मातीचं सपाट खोरं लागतं. इथली माणसं ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असंच बोलतात. सोयरीक असो की पाऊसपाणी, हा फरक बोलण्यात येतोच. हीच विभागणी यादीत आणायची असेल तर एक स्टार वरच्या पातळीला आणि दोन स्टार आतल्या पातळीला:

* घाटावरचे तालुके
** [[बुलढाणा तालुका|बुलढाणा]]
** [[चिखली तालुका|चिखली]]
** [[देऊळगाव राजा तालुका|देऊळगाव राजा]]
** [[सिंदखेड राजा तालुका|सिंदखेड राजा]]
** [[लोणार तालुका|लोणार]]
** [[मेहकर तालुका|मेहकर]]
* घाटाखालचे तालुके
** [[मोताळा तालुका|मोताळा]]
** [[मलकापूर तालुका|मलकापूर]]
** [[नांदुरा तालुका|नांदुरा]]
** [[खामगाव तालुका|खामगाव]]
** [[शेगाव तालुका|शेगाव]]
** [[जळगाव जामोद तालुका|जळगाव जामोद]]
** [[संग्रामपूर तालुका|संग्रामपूर]]

दुहेरी चौकोनी कंसातला मजकूर म्हणजे दुवा. उभ्या रेघेच्या डावीकडे लेखाचं नेमकं शीर्षक, उजवीकडे वाचकाला दिसणारं नाव. त्या शीर्षकाचा लेख असेल तर दुवा निळा दिसतो, नसेल तर लाल. लाल दुवा दिसला की तो काढून टाकण्याची घाई करू नका. कोणी लिहायला बसला तर काय लिहायचं राहिलं आहे हे त्याला त्या लाल दुव्यावरूनच कळतं. मात्र लेख असूनही दुवा लाल दिसत असेल तर शुद्धलेखन तपासा. बुलढाणा आणि बुलडाणा, सिंदखेड राजा आणि सिंदखेडराजा अशी दोन्ही लेखनं चालतात, आणि यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी पानं असतात. जळगाव जामोदच्या जागी नुसतं जळगाव लिहिलंत तर वाचक थेट खानदेशात जाऊन पोहोचेल.

पातळ्यांचा खरा उपयोग पाहायचा असेल तर नद्यांची यादी करून पाहावी. बुलढाणा हा दोन खोऱ्यांमधल्या पाणलोटावर बसलेला जिल्हा आहे. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला जातं. घाटावरचं बरंचसं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातं. त्यात आणखी एक गुंता असा की पूर्णा नावाच्या नद्याच दोन आहेत. एक तापीची उपनदी. दुसरी गोदावरीची उपनदी, जिला देऊळगाव राजाच्या भागात खडकपूर्णा म्हणतात. सपाट यादीत नळगंगा, पूर्णा, पैनगंगा, खडकपूर्णा अशी नावं एकाखाली एक आली तर ती बरोबर असूनही वाचकाला काही सांगत नाहीत. पातळ्या दिल्या की भूगोल आपोआप उलगडतो:

* [[तापी नदी|तापी]]चे खोरे
** [[पूर्णा नदी (तापीची उपनदी)|पूर्णा]]
*** नळगंगा
*** विश्वगंगा
*** ज्ञानगंगा
* [[गोदावरी नदी|गोदावरी]]चे खोरे
** [[पैनगंगा नदी|पैनगंगा]]
** खडकपूर्णा

इथे प्रत्येक जास्तीचा स्टार ‘ही वरच्या नदीच्या खोऱ्यातली’ एवढं विधान करतो. म्हणूनच पातळी ही दिसण्यासाठी देऊ नये. ओळ जरा आत सरकलेली छान दिसते म्हणून कोणी पैनगंगेला पूर्णेखाली तीन स्टार देऊन ठेवले तर त्याने नदीचा प्रवाहच फिरवला. आणि एका स्टारनंतर एकदम तीन स्टार देऊ नयेत. मधली पातळी रिकामी राहते आणि काही ठिकाणी एकाच ओळीपुढे जास्तीचे ठिपके उमटतात. पायऱ्या चढाव्यात तशी एकेक पातळी घ्यावी.

स्टार की हॅश हा प्रश्न नेहमी येतो. क्रमाला अर्थ असेल तर हॅश, नसेल तर स्टार. तालुक्यांमध्ये पहिला-दुसरा असं काही नसतं, म्हणून स्टार. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीचे मुक्काम लिहायचे तर हॅश, कारण तिथे क्रम हीच माहिती आहे. या नियमाला मी एक अपवाद करते. तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी करताना हॅश द्यावा. क्रम म्हणून नव्हे, तर शेवटच्या नावापुढचा आकडा जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतल्या गावांच्या संख्येशी ताडून पाहता येतो म्हणून. एखादं गाव राहिलं की लगेच लक्षात येतं. राहिलेलं गाव बहुधा लहान, आडबाजूचंच असतं, आणि त्या गावच्या माणसाने आपलं नाव शोधावं नि ते सापडू नये, याचं मला वाईट वाटतं.

हॅशचे आकडे मराठी विकिपीडियावर आपोआप देवनागरीत येतात. त्यामुळे ‘१)’, ‘२)’ असं हाताने लिहू नका. मध्ये एक नाव घालायचं झालं की खालचे सगळे आकडे बदलत बसावे लागतात.

हॅशच्या यादीत पोटयादी घालताना मात्र जपावं लागतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी उदाहरणाला घेऊ. अक्षय तृतीयेला होणारा हा विधी टप्प्याटप्प्याने सांगावा लागतो, आणि एकेका टप्प्यात पुन्हा बारीक तपशील असतात:

# अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात.
#* भोवती गोलाकार अठरा प्रकारची धान्ये ठेवतात.
#* मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे असतात.
#* ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात.
# रात्री त्या जागी कोणी थांबत नाही.
# दुसऱ्या दिवशी पहाटे घटाची पाहणी करून पाऊस आणि पिकांविषयीचे भाकीत सांगतात.
#: या भाकितांना शास्त्रीय आधार नाही.

दुसऱ्या ओळीत हॅश आणि स्टार जोडीने आले आहेत. याचा अर्थ असा की आपण अजून हॅशच्या यादीतच आहोत आणि तिच्या पोटात ठिपके देत आहोत. इथे नुसते दोन स्टार दिले तर हॅशची यादी तिथेच तुटते आणि ‘रात्री त्या जागी’ या ओळीला दोनऐवजी पुन्हा एक आकडा मिळतो. पोटातली ओळ लिहिताना वरच्या ओळीची चिन्हं जशीच्या तशी आधी उचलायची आणि मग आपलं चिन्ह जोडायचं, एवढं पक्कं केलं की हा दोष होत नाही. शेवटच्या ओळीतल्या हॅश आणि अपूर्णविराम या जोडीचं कामही तसंच. ती नवा आकडा न देता वरच्याच मुद्द्याचा मजकूर पुढे चालवतो. एका मुद्द्यात दोन परिच्छेद हवे असतील तेव्हा नुसतं एंटर मारू नका, हीच जोडी वापरा.

चित्रामुळेही यादी तुटते. घागरीचा फोटो दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये स्वतंत्र ओळीवर टाकला की आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. चित्र यादीच्या आधी टाकावं.

आता अशी एक यादी, जिथे हॅश वापरलाच तर माहिती चुकते. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत: मलकापूर, बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद. निवडणूक आयोगाच्या क्रमवारीत त्यांचे क्रमांक २१ ते २७. हॅश दिलात तर मलकापूरपुढे १ येईल, जो कोणाचाच क्रमांक नाही. इथला आकडा मोजणीसाठी नाही. तो मतदारसंघाच्या नावाचाच भाग आहे, म्हणून तो यंत्रावर सोडायचा नाही, स्वतः लिहायचा. जनगणनेतला गावाचा सहा अंकी संकेतांकही असाच. असा आकडा आला की यादी सोडून तक्ता करावा:

{|
! क्रमांक !! विधानसभा !! लोकसभा
|-
| २१ || मलकापूर || रावेर
|-
| २२ || बुलढाणा || बुलढाणा
|-
| २३ || चिखली || बुलढाणा
|}

पुढचे चार याच धर्तीवर. महिरपी कंस आणि उभी रेघ यांनी तक्ता उघडतो, उभी रेघ आणि आडवी रेघ यांनी नवी ओळ सुरू होते, उद्गारचिन्हाने मथळ्याचा रकाना होतो. पहिल्या ओळीत कंसानंतर विकिटेबल हा वर्ग रोमन अक्षरांत जोडला की चौकटीच्या रेघा उमटतात. तक्त्यामुळे मलकापूर जिल्ह्यात असूनही रावेर लोकसभा मतदारसंघात मोडतं ही गोष्ट एका नजरेत दिसते. ठिपक्यांच्या यादीत ती कंसात घालावी लागली असती. तक्त्याच्या एखाद्या रकान्यातच यादी हवी असेल तर उभ्या रेघेनंतर एंटर मारून स्टार नव्या ओळीवर आणा. स्टार ओळीचं पहिलं अक्षर असला पाहिजे ही अट तिथेही सुटत नाही.

अर्धविराम आणि अपूर्णविराम यांची जोडी कमी लोकांना ठाऊक असते. ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम दिला की ते पद ठळक होतं, आणि पुढच्या ओळीला अपूर्णविराम दिला की त्याचं स्पष्टीकरण आत सरकून येतं. जिल्ह्यातल्या अभयारण्यांसाठी ही मांडणी चपखल बसते:

; ज्ञानगंगा अभयारण्य
: बुलढाणा–खामगाव रस्त्यालगतच्या डोंगराळ भागात.
; अंबाबरवा अभयारण्य
: सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात.
; लोणार अभयारण्य
: उल्कापाताने बसाल्ट खडकात तयार झालेल्या सरोवराभोवती. सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

ही जोडी पद आणि स्पष्टीकरण यांसाठीच ठेवा. नुसतं ठळक दिसतं म्हणून अर्धविराम देऊन मथळे करण्याची पद्धत फार बोकाळली आहे. मथळ्यासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हं आहेत. तीच दिली तर तो मथळा अनुक्रमणिकेत येतो, नाहीतर येत नाही.

गावांच्या याद्या पुष्कळदा कोणाच्या तरी संगणकात आधीच टंकलेल्या असतात. त्या उचलून डकवताना दोन संकटं येतात. जुन्या फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात. त्या डकवल्या की पानावर निरर्थक अक्षरं उमटतात, म्हणून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. दुसरं संकट वर्डमधून आलेल्या तयार ठिपक्याचं. तो गोल ठिपका दिसायला यादीसारखा असला तरी विकिपीडियाला ते नुसतं अक्षर वाटतं, आणि सगळी नावं एका परिच्छेदात चिकटतात. ते ठिपके काढून स्टार द्या. कधीकधी स्टार देऊनही तो तसाच छापला जातो. तेव्हा ओळीच्या सुरुवातीला न दिसणारं एखादं अक्षर डकवताना आलेलं असतं. ती ओळ पुसून हाताने पुन्हा लिहिली की काम होतं.

‘प्रसिद्ध व्यक्ती’ या मथळ्याखालची यादी हा वादाचा विषय. जो तो आपल्या ओळखीचं नाव जोडून जातो. ज्यांच्यावर विकिपीडियावर लेख आहे किंवा ज्यांच्याबद्दल स्वतंत्र, छापील संदर्भ देता येतो अशीच नावं ठेवावीत, आणि प्रत्येक नावापुढे ते का आहे हे चार शब्दांत लिहावं: ना. घ. देशपांडे – मेहकरचे कवी, १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार. एवढं लिहिलं की नाव यादीत का आहे हे विचारावं लागत नाही, आणि ज्या नावापुढे असं काही लिहिता येत नाही ते आपोआप गळतं.

सगळ्याच गोष्टी यादीत मांडायच्या नसतात. सिंदखेड राजाच्या पानावर जिजाऊंचं चरित्र ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेलं मला बघवत नाही. जन्म, विवाह, पुण्याचं वास्तव्य, स्वराज्याची उभारणी या घटना एकीतून एक घडत गेल्या. त्या सलग परिच्छेदातच सांगाव्यात. लाखुजी जाधवांचा राजवाडा आणि गावातली इतर स्मारकं यांची मात्र यादी जरूर करावी.

हे सगळं आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, करून पाहा. नव्या माणसाने बिनधास्त गिरवावं म्हणूनच ती आहे. मूळ पानावर बदल करताना झलक पाहिल्याशिवाय जतन करू नका, आणि झलक फोनवरही पाहा, कारण तीन-चार पातळ्यांची यादी फोनच्या पडद्यावर उजव्या कडेला जाऊन दाटते. सारांशाच्या चौकटीत काय केलं ते लिहा: ‘रिकाम्या ओळी काढल्या’, ‘दोन गावं जोडली, संदर्भ जनगणना २०११’. पुढचा संपादक इतिहासात तेच वाचतो.

आणि एखाद्या नावावरून मतभेद झाला, म्हणजे तालुक्याचा काही भाग घाटावर नि काही घाटाखाली आहे असं कोणी दाखवून दिलं, तर यादी मागे-पुढे बदलत बसू नका. चर्चापानावर जा. तिथे उत्तर देताना समोरच्याच्या ओळीपुढे जेवढे अपूर्णविराम असतील त्याहून एक जास्त द्या, म्हणजे कोण कोणाला बोलतंय ते कळतं. शेवटी चार वेळा नागमोडी रेघ ~~~~ टाका. तुमचं सदस्यनाव आणि वेळ तिथे आपोआप येईल.